चाळीस हजारांचा होन आणि दहा हजारांची पुस्तकं

सिन्नरहून एक शिक्षिका लिहितात:

«वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक कापडी पिशवी सापडली. दीडेकशे नाणी असतील. राणीछाप रुपये, भोकाचे पैसे, 'श्री राजा शिव' लिहिलेली तांब्याची जाडजूड नाणी, फारसी अक्षरांचे काही चांदीचे रुपये. राम-सीता-हनुमान असलेलं एक नाणंही आहे, त्याच्या मागे 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८' असं इंग्रजीत आहे. त्यापायी मलाही नाद लागला आणि मी थोडीथोडी विकत घेऊ लागले. पण घेताना हात थरथरतो. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात एकाने शिवकालीन सोन्याचा होन चाळीस हजारांना देऊ केला. घेतला नाही, पण रात्रभर हळहळत होते. सगळे म्हणतात, आधी पुस्तकं घे. दहा हजार बाजूला काढले आहेत. यजमान म्हणतात, मोबाइलवर सगळं फुकट दिसतं, पुस्तकं कशाला? डिसेंबरात भाचा लंडनहून येणार आहे. त्याच्याकडून काही मागवू का?»

ताई, नमस्कार.

होन घेतला नाहीत ते उत्तम झालं, हळहळ सोडून द्या. शिवरायांचे खरे होन फार मोजके माहीत आहेत. तसला एखादा विकायचा असेल तर धनी तो प्रदर्शनातल्या टेबलावर चाळीस हजारांना मांडत नाही. लिलावात पाठवतो, आणि त्याची बातमी होते. टेबलावरचे होन हे बहुतेक सोन्याच्या पत्र्यावर नवा ठसा मारून केलेले असतात. त्यांतलं सोनं खरं असतं, म्हणून सराफही 'सोनं आहे हो' एवढीच खात्री देतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं.

आता पुस्तकं. लोक तुम्हाला 'आधी पुस्तकं घे' म्हणतात ते बरोबरच आहे, पण कशाची पुस्तकं हे कुणी सांगत नाही. नाण्यांवरचं एकच मोठं पुस्तक घेऊन भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. तुमच्या पिशवीत निदान तीन वेगवेगळे विषय आहेत: इंग्रजी अमलातली यंत्रावर पाडलेली नाणी, शिवराई (म्हणजे ती 'श्री राजा शिव' लिहिलेली तांब्याची नाणी), आणि मराठ्यांच्या टांकसाळींतले फारसी रुपये. तिन्हींची पुस्तकं वेगळी, भाषा वेगळी, आणि पारख करायची रीतही वेगळी. दहा हजारांत तिन्हीकडे थोडंथोडं घ्याल तर कपाट भरेल आणि कुठल्याच नाण्याचं उत्तर पूर्ण मिळणार नाही. एक विषय धरा. मला विचाराल तर मराठ्यांची नाणी धरा. तुम्ही नाशिक जिल्ह्यात राहता, माल तिथलाच आहे, आणि या विषयातली भारतातली एक महत्त्वाची संस्थाही तुमच्या जिल्ह्यातच आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

यजमानांच्या म्हणण्याचाही विचार करू, कारण ते अगदीच चूक नाहीत. मोबाइलवर खरोखर खूप आहे. पण शोधायला शब्द लागतो. तुमच्या पिशवीतल्या एखाद्या फारसी रुपयावर टांकसाळीचं नाव 'गुलशनाबाद' असू शकतं. गुलशनाबाद म्हणजे तुमचं नाशिक. 'जाफराबाद' असेल तर तो चांदवडचा रुपया, आणि 'मुहियाबाद' म्हणजे पुणे. पुण्याच्या रुपयावर अंकुशाची खूण असते, म्हणून तो अंकुशी. ही नावं तुम्हाला आधीच ठाऊक नसतील तर मोबाइलवर टाइप काय करणार? 'जुना चांदीचा रुपया फारसी' एवढं टाकलंत की समोर येतात ते 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' असं ओरडणारे व्हिडिओ. अशा भूलथापांचा इतका सुळसुळाट झाला, की रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी कमिशन आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेलाच जाहीर करावं लागलं. पुस्तक तुम्हाला ते शब्द देतं. ते हाती आले की मग मोबाइल खुशाल वापरा.

मराठ्यांच्या नाण्यांसाठी मुख्य ग्रंथ एकच आहे: के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज', १९८९ चा. टांकसाळीवार मांडणी आहे. कुठली टांकसाळ कुणाच्या ताब्यात होती, तिथे कोणत्या खुणांचे रुपये पडले, हे त्यात एकत्र सापडतं. नवा कोरा मिळण्याची आशा धरू नका. जुन्या पुस्तकांचे व्यापारी आणि संग्राहक यांच्यामार्फत नजर ठेवावी लागेल. तुमच्या दहा हजारांतला मोठा हिस्सा याच्यासाठी राखून ठेवा आणि मिळेपर्यंत तो दुसरीकडे वळवू नका. तोवर हा ग्रंथ ज्या संस्थेने काढला तिथे जाऊन तो वाचता येईल. ती म्हणजे नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरची अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांनी १९८० मध्ये ती उभी केली. तिथे ग्रंथालयही आहे आणि नाण्यांचं संग्रहालयही. सिन्नरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. आधी फोन करून वेळ ठरवा, वही-पेन्सिल न्या, आणि पहिल्या खेपेला फक्त तुमच्याकडे असलेल्या टांकसाळींची पानं बघा.

गुप्तांचंच 'कॉइन्स' हे नॅशनल बुक ट्रस्टचं छोटं पुस्तक (१९६९) मात्र विकत घ्याच. पंचमार्क म्हणजे ठोकून उमटवलेल्या खुणांच्या प्राचीन नाण्यांपासून पुढचा सगळा प्रवास त्यात थोडक्यात आहे. एखादं नाणं कुठल्या काळात बसतं याचा अंदाज त्यावरून येतो. किंमत फार नाही.

आता शिवराई, कारण तुम्ही ती 'शिवकालीन' म्हणून वेगळ्या डबीत ठेवली असणार. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', हा मजकूर महाराजांच्या काळात सुरू झाला हे खरं. पण महाराजांनंतरही तोच मजकूर पुढे दीडेकशे वर्षं पाडला जात राहिला. सातारकर छत्रपतींच्या काळात, पेशवाईत, गावोगावच्या परवान्याच्या टांकसाळींत, सगळीकडे. म्हणून हाती येणारी बहुतेक शिवराई ही शिवाजी महाराजांच्या नावाची असली तरी त्यांच्या काळातली नसते. नाणं उजेडात तिरपं धरा आणि अक्षरांचं वळण बघा. अक्षरं भरीव, नीट बसलेली आहेत की घाईत कोरलेली? 'शिव' आहे की 'सिव', की दीर्घ 'सीव'? मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा आहेत का? असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. कडेला टिंबांचं वर्तुळ दिसतं का, की तबकडी, म्हणजे ठसा मारायचा कोरा तुकडा, ठशाहून लहान असल्यामुळे ते बाहेरच राहिलं? ही पारख वाचून येत नाही. पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवून तुमच्याकडची सगळी नाणी एकामागून एक तशी लावावी लागतात. एखाद्या सुट्टीच्या दुपारी करून बघा. आणि हो, त्याआधी त्यांना चिंच लावून घासू नका. तांब्यावरचा काळसर थर गेला की नाण्याची अर्धी किंमत गेली.

फारसी रुपयांसाठी फारसी भाषा शिकायला नको, पण अंक आणि चार-दोन शब्द आलेच पाहिजेत. मराठ्यांनी रुपये पाडले ते मुघल बादशहाच्या नावाने. पेशव्यांच्या पुण्याच्या रुपयावरही बहुधा शाह आलमचंच नाव असतं. त्यामुळे मजकूर ठरलेला: एका बाजूला 'सिक्का मुबारक' आणि बादशहाचं नाव, दुसऱ्या बाजूला 'जर्ब' म्हणजे टांकसाळीचा उल्लेख आणि 'जुलूस' म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष. नाण्यावर यातला निम्माच मजकूर उमटलेला असतो, कारण ठसा मोठा आणि तबकडी लहान. अंकांत शून्य म्हणजे नुसतं टिंब आणि एक म्हणजे उभी रेघ. दोन तिरप्या रेघा खाली जुळल्या की सात, वर जुळल्या की आठ. म्हणजे नाणं उलटं धरलंत तर साताचे आठ होतात आणि सालच बदलतं. अंकांचा हा तक्ता छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. तुमच्या ग्रंथालयातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा कागद तोच असेल.

त्याच पुठ्ठ्याच्या मागे सनांची कोष्टकं लिहा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. हिजरी १२०० म्हणजे साधारण १७८६. फसली सनात, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाच्या सनात, ५९० मिळवायचे. ही भानगड पुण्याच्या रुपयांना फार लागते. अंकुशी रुपयावर १२४० असा फसली सन दिसला तर तो १८३० च्या सुमाराचा, म्हणजे पेशवाई बुडून बारा वर्षं झाल्यानंतरचा. इंग्रजांनी पुण्यात तोच छाप पुढे चालू ठेवला होता. विकणारा तो 'पेशवेकालीन' म्हणून देईल, आणि त्यालाही बिचाऱ्याला ठाऊक नसेल.

इंग्रजी अमलातल्या नाण्यांसाठी तुम्हाला सध्या एकच सर्वसाधारण कॅटलॉग पुरे: क्राउझ आणि मिशलर यांचा जगभरच्या नाण्यांचा कॅटलॉग. तो शतकवार खंडांत आहे. तुम्हाला १८०१ ते १९०० आणि १९०१ ते २००० हे दोन हवेत. जुनी आवृत्ती घ्या, ओळख पटवायला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचीही चालते. त्यातला प्रत्येक नाण्याला दिलेला 'केएम' क्रमांक जगभर चालतो आणि लिलावाच्या याद्यांतही तोच वापरतात. त्यातल्या किमतींकडे मात्र बघूही नका. त्या परदेशी बाजाराच्या, डॉलरमधल्या आणि शिळ्या असतात.

या भागात खोल जायचं असेल तरच मेजर प्रिडमोर यांचे भारतावरचे दोन खंड घ्या. त्यांतला १८३५ ते १९४७ चा दुसरा खंड तुमच्या उपयोगाचा. तो कशासाठी, याचं एक उदाहरण देतो. तुमच्याकडे १८६२ चे राणीछाप रुपये चार-पाच तरी असतील. सगळे सारखेच दिसतात ना? पण १८६२ हा आकडा १८७४ पर्यंत तसाच ठेवून रुपये पाडले गेले. मुंबईच्या टांकसाळीने मात्र रुपयावर बारीक टिंबं टाकून खरं वर्ष आतल्या आत नोंदवलं. टिंबं कुठे आणि किती, राणीच्या पोशाखाची नक्षी कशी, मागची फुलांची वेल कुठल्या वळणाची, यांवरून एकाच 'साला'चे कितीतरी प्रकार पडतात, आणि त्यांतले काही दुर्मीळ आहेत. भिंग घेऊन बसलात तर वडिलांच्या पिशवीतच एखादा निघेल. कॅटलॉगवाचून ती टिंबं डोळ्यांना दिसतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही.

तसंच १९११ च्या रुपयाचं. पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. बाजारात त्याला अजून 'डुक्कर रुपया'च म्हणतात. १९३९ चा रुपया त्याहून दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला अमाप. हे दोन आकडे दिसले की पाकीट खिशात ठेवा आणि पुस्तक काढा. वजनकाटाही लागेलच. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. झिजेने थोडं कमी भरेल, पण दीड ग्रॅम कमी भरला तर ती झीज नव्हे.

आता ते राम-सीतेचं नाणं. ताई, ते नाणं नाहीच. कंपनीने अशी अर्ध्या आण्याची नाणी १८१८ मध्ये पाडलेली नाहीत. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने १८३५ पासून सुरू केली. त्याआधी मुंबईकडच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू असायचा आणि त्यात फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. मद्रासकडे कंपनीने देवतांच्या प्रतिमांचे सोन्याचे होन पाडले होते हे खरं, आणि विकणारे त्याचाच आधार सांगतात. पण ते होन वेगळे, त्यांचं वळण वेगळं. महाराष्ट्रात १८१८ हा आकडा कुणालाही ओळखीचा वाटतो, म्हणून हा माल इथे चांगला खपतो.

इथे पुस्तकाचा एक उपयोग लक्षात घ्या. यंत्रावर पाडलेल्या सरकारी नाण्यांच्या टांकसाळीत नोंदी असायच्या आणि कॅटलॉग त्यांवरून तयार झाले. म्हणून एखादं कंपनीचं किंवा राणीच्या काळचं 'नाणं' एकाही कॅटलॉगात नसेल, तर ते जवळजवळ नक्की खोटं. हातठशाच्या मराठा नाण्यांना मात्र हा नियम लावू नका. तिथे अजूनही नवे प्रकार सापडतात, आणि माहेश्वरी-विगिन्समध्ये नसलेला रुपया अस्सल असू शकतो. असं काही मिळालं तर विकणाऱ्याला 'दुर्मीळ आहे' असं चेहऱ्यावर दिसू देऊ नका, फोटो घेऊन या आणि अंजनेरीला दाखवा.

फुकटातलंही बरंच आहे, आणि हे ऐकून यजमान खूश होतील. शंभर वर्षांपूर्वीचे संग्रहालयांचे कॅटलॉग इंटरनेट अर्काइव्हवर पीडीएफमध्ये आहेत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या मुघल नाण्यांचा नेल्सन राइट यांचा खंड (१९०८) उतरवून घ्या. फारसी मजकूर पुरा कसा असतो हे त्यात कळेल. जेम्स प्रिन्सेप कोलकात्याच्या टांकसाळीत चांदीचा कस लावायचे काम करायचे. त्यांच्या 'यूसफुल टेबल्स' (१८३४) मध्ये देशभरच्या निरनिराळ्या रुपयांची वजनं आणि चांदीचं प्रमाण आहे. रॅप्सन यांचा सातवाहन-क्षत्रप नाण्यांचा १९०८ चा कॅटलॉग तुमच्या विषयातला नाही, पण तुम्ही सिन्नरच्या, म्हणून मोह आवरत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. नहपानाचा पराभव कुणी केला याचा तो पुरावाच. वर्गात मुलांना सांगा, त्यांना आवडेल.

चित्रं जुळवायला झेनो आणि न्युमिस्टा ही संकेतस्थळं चांगली आहेत. पण तिथे नाणी लोकच चढवतात, त्यामुळे ओळख चुकीचीही असते. दोन ठिकाणी तेच दिसलं तरच धरा.

आणि लिलावांच्या याद्या! मुंबई-बंगळुरूच्या लिलाव कंपन्या रंगीत याद्या काढतात, पीडीएफ बहुधा फुकट मिळते, छापील जुन्या याद्या प्रदर्शनात स्वस्तात मिळतात. मराठा नाण्यांची इतकी स्पष्ट चित्रं, वजनासकट, कुठल्याच पुस्तकात नाहीत. यादीतली अंदाजित किंमत वेगळी, प्रत्यक्ष गेलेली किंमत वेगळी. लिलावानंतर जाहीर होतो तो आकडा पेन्सिलीने शेजारी लिहा. त्यावर कंपनीचं कमिशन आणि कर चढतो हेही लक्षात ठेवा. वर्षभर हे केलंत तर चांदवडी रुपया केवढ्याला घ्यावा हे तुम्हाला बाजारातल्या निम्म्या विक्रेत्यांपेक्षा चांगलं कळेल.

नोंदवही ठेवा. वजन, व्यास, कुठून, केवढ्याला, आणि कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या क्रमांकाशी जुळलं. जुळलं नसेल तर तसं लिहा. वडिलांच्या नाण्यांना वेगळी खूण करा, ती विकत घेतलेल्यांत मिसळू देऊ नका.

राहिला भाचा. प्रिडमोरचे खंड लंडनलाच निघाले, त्यामुळे तिथे जुन्या पुस्तकांत मिळण्याची शक्यता इथल्यापेक्षा जास्त. फक्त दुसरा खंड मागवा. तो तुमच्या दहा हजारांच्या आवाक्यात बसला नाही तर सरळ नको म्हणा. क्राउझची जुनी आवृत्ती मात्र त्याला तिथे स्वस्तात मिळेल. जड आहे, सामानाचं वजन आधी विचारून घ्या. परत जाताना त्याच्याजवळ 'तिकडे दाखवून आण' म्हणून पिशवीतली नाणी देऊ नका. शंभर वर्षांपलीकडची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याला फोटो द्या, दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून.